जिप्सी उंच केली, आता स्टिअरिंग ठिकाणावर आणूया

लिफ्ट करून आणल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे मी गाडी मुलुंडहून ऐरोली पुलावर काढली. ताशी साठच्या पुढे काटा गेला की गाडी लेनमध्ये डावी-उजवी तरंगायला लागायची. पूल उतरून वळण घेतलं तर स्टिअरिंग आपणहून परत येईना, हाताने ओढून आणावं लागलं. लिफ्ट करणाऱ्या गॅरेजने अलाइनमेंट करून दिलं होतं आणि कागदावरचे आकडे हिरवे होते. घरी येऊन तो कागद नीट पाहिला. हिरवा होता तो फक्त टो, म्हणजे दोन चाकं पुढून किती मिटलेली किंवा उघडलेली आहेत ते. कॅस्टरचे, म्हणजे चाक ज्या खिळीभोवती वळतं तिच्या पुढे-मागे कलाचे, रकाने रिकामे होते.

उंच केलेल्या गाडीचं खरं दुखणं बहुतेक वेळा त्या रिकाम्या रकान्यांत असतं. मशिनवाला टो बरोबर करून देतो, कारण पुढच्या दोन चाकांना जोडणारा टाय रॉड फिरवला की टो बदलतो आणि दहा मिनिटांत काम होतं. बाकीचं आपल्याला मोजावं लागतं, आणि ते ठरलेल्या क्रमानेच करावं लागतं: आधी अ‍ॅक्सल चौकोनात (चाकांच्या जोडीला धरणारे पुढचे-मागचे आडवे दांडे एकमेकांना समांतर), मग कॅस्टर, मग टो, आणि सगळ्यात शेवटी स्टिअरिंगचं चाक सरळ. क्रम उलटा केला तर प्रत्येक पुढचं काम मागचं बिघडवतं.

माझी गाडी २००६ ची जिप्सी किंग. पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही कोपऱ्यांत पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंग. पुढे मूळपेक्षा ५० मि.मी. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसीला धरणारी झुलती पट्टी) आणि नवे, जास्त कमानीचे पाटे. शॅकल जेवढा लांब कराल त्याच्या साधारण निम्मीच गाडी उचलली जाते, म्हणजे ५० च्या शॅकलने २५ मि.मी. उरलेली उंची पाट्यांची. भाच्याची जिम्नी आहे, तिला कॉइल स्प्रिंग. तिचं गणित थोडं वेगळं, ते पुढे सांगते. २०१० च्या पिढीची थार किंवा २०२० नंतरची थार असेल तर पुढची चाकं स्वतंत्र आहेत. उंची बदलली की त्यांचा टो आणि कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) दोन्ही सरकतात, त्यामुळे पुढे येणाऱ्या पाचरीच्या गोष्टी त्या गाड्यांना लागू करू नका.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. सार्वजनिक रस्त्यावर फिरवायची गाडी असेल तर लिफ्ट घेण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा. अपघातानंतर विचारायची ही गोष्ट नाही.

सपाट जागा

मुंबईत सपाट जमीन मिळणं हेच पहिलं काम. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला पावसाचं पाणी गटाराकडे जावं म्हणून उतार दिलाय. डोळ्यांना दिसत नाही, पण मोजल्यावर दिसतो. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. चारही चाकं जिथे टेकतात तिथे पाण्याची पातळी पकडा आणि जी जागा खाली असेल तिथे जुन्या लाद्या नाहीतर प्लायचे तुकडे ठेवा. आमच्याकडे डाव्या मागच्या चाकाखाली १४ मि.मी. लागले. एवढ्या फरकाने ओळंब्याची सगळी मापं खोटी येतात.

पुढच्या दोन चाकांखाली पत्र्याचे दोन-दोन तुकडे ठेवा, मध्ये ग्रीस. त्यामुळे चाक जमिनीला चिकटून राहत नाही आणि टाय रॉड फिरवला की मोकळेपणाने वळतं. टायरची हवा चारही ठिकाणी सारखी, टाकी अर्धी, मागचं सामान रोज असतं तेवढंच. मग बंपरवर चार-पाच वेळा जोर देऊन गाडी हलवा म्हणजे पाटे आपल्या जागी बसतील. गाडीखाली काम करताना घोडीशिवाय (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडशिवाय) जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. यात सूट नाही.

मोजण्याआधी सांध्यांतला खेळ, म्हणजे ढिलेपणा, काढून टाका. एकाने स्टिअरिंग इकडे-तिकडे थोडंसं हलवायचं, दुसऱ्याने खाली प्रत्येक टाय रॉड एंडवर बोट ठेवायचं. जो एंड हलण्याआधी टिचकतो तो बदलायचा. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. तिथे खेळ असेल तर हबचं किंवा किंगपिनचं (चाक जिच्याभोवती वळतं त्या खिळीचं) बेअरिंग. पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या गोल भोकातले) रबरी बुशही बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत शॅकलचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून धरतात. मग शॅकल मोकळा फिरत नाही आणि एक बाजू अडून राहते. बुशचे बोल्ट नेहमी गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन आल्यावरच शेवटचे घट्ट करायचे. गाडी हवेत असताना घट्ट केले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

अ‍ॅक्सल चौकोनात आहे का

ही पायरी कुणीच करत नाही, आणि माझ्या गाडीत पहिला दोष इथेच होता.

चार हबच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूने खूण करा. माझा ओळंबा बाबांचा. ते फिटर होते, आणि मशिनपेक्षा दोऱ्यावर त्यांचा जास्त विश्वास होता. गाडी थोडी पुढे ढकला म्हणजे खुणा मोकळ्या होतील. आता डावीकडे पुढच्या खुणेपासून मागच्या खुणेपर्यंत मोजा, मग उजवीकडे. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मि.मी. माझ्याकडे डावीकडे २३६८ आणि उजवीकडे २३७६ आले. आठ मि.मी. म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल तिरका बसला होता. अशा गाडीवर कितीही टो जुळवा, ती सरळ रस्त्यावर थोडी तिरकीच चालणार.

कारण पाट्यांजवळ सापडलं. पाट्यांच्या गठ्ठ्याला एकत्र धरणारा सेंटर बोल्ट असतो. त्याचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसायला हवं, तेच अ‍ॅक्सलची जागा ठरवतं. डावीकडे ते डोकं भोकात न बसता काठावर चढलं होतं आणि वरून यू-बोल्ट आवळून टाकले होते. यू-बोल्ट सैल करून, अ‍ॅक्सल टांगून, डोकं भोकात बसवलं आणि नवे यू-बोल्ट लावले. ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत. पुन्हा मोजलं: २३७५ आणि २३७६. एक-दोन मि.मी. फरक चालतो. खुणांचे कर्णही मोजा, म्हणजे खात्री होते.

कॅस्टर, सगळ्यात महत्त्वाचा

सायकल आठवा. पुढचा फोर्क वरून मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीच्या किंगपिनचा तसाच कल म्हणजे कॅस्टर. जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, त्याबरोबर अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि किंगपिनचा वरचा भाग पुढे येतो. कॅस्टर कमी होतो. किती? शॅकलची वाढ भागिले पाट्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर. समजा वाढ ५० आणि अंतर ९५० मि.मी. असेल, तर साधारण ३ अंश. गाडीत मुळातच तेवढा-एक कॅस्टर असतो, म्हणजे जवळजवळ सगळाच गेला. माझ्या गाडीत उजवीकडे ०.६ आणि डावीकडे ०.४ अंश उरले होते. स्टिअरिंग परत येत नव्हतं ते यामुळे.

मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त उचलली तरीही कॅस्टर जातो. २३७५ च्या व्हीलबेसवर मागे २५ मि.मी. जादा म्हणजे ०.६ अंश कमी. बघायला ऐटदार वाटतं म्हणून मागचे शॅकल आणखी लांब घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अलाइनमेंटच्या दुकानात कॅस्टर मोजून मागा. त्यासाठी चाकं ठरावीक अंशांनी डावीकडे आणि उजवीकडे वळवावी लागतात. वेळ जातो म्हणून बरेच जण टाळतात. मी भांडुपच्या एका उस्तादांना स्पष्ट सांगितलं, "आधी कॅस्टर. टोला आज हात लावायचा नाही." ते म्हणाले, "ताई, कॅस्टर अ‍ॅडजस्ट होत नाही या गाडीत." बरोबर आहे, बोल्ट फिरवून होत नाही. पण मोजता येतो. जादा पैसे दिले, त्यांनी मोजून दिला.

मशिन नसेल तर फरक घरी मोजता येतो. अखंड अ‍ॅक्सल एकच लोखंड आहे. तो जितका फिरेल तितकंच त्याच्यावरचं सगळं फिरेल. डिफरन्शियलच्या पिनियन फ्लँजच्या (जिथे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा, जोडलेला असतो) सपाट तोंडावर डिजिटल अँगल गेज टेकवून लिफ्टच्या आधी एक आकडा लिहून ठेवा, नंतर पुन्हा घ्या. दोघांतला फरक म्हणजे कॅस्टरमधला फरक. गेज नागदेवी स्ट्रीटला मिळतो. फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅपही अर्ध्या अंशापर्यंत साथ देतं. लिफ्ट अजून व्हायची असेल तर हे माप आजच घेऊन ठेवा. मी घेतलं नव्हतं, म्हणून मला मॅन्युअलच्या आकड्यावरून मागे यावं लागलं.

दुरुस्ती म्हणजे पाचर. पाटा आणि अ‍ॅक्सलची बैठक यांच्यामध्ये तिरका तुकडा बसवायचा. जिप्सीत मुळात पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असतो, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे. त्याने अ‍ॅक्सलचा पुढचा भाग वर उचलला जातो आणि किंगपिन मागे कलतो. कुणी पाटे अ‍ॅक्सलच्या वर चढवले असतील तर नेमकं उलट, जाड बाजू मागे. इथे चुकलात तर उरलेला कॅस्टरही जाईल, म्हणून बसवण्याआधी दोन पुठ्ठ्यांमध्ये पाचर धरून हाताने बघा. पाचर पोलादाची घ्या. अ‍ॅल्युमिनियमची दबते, दबली की यू-बोल्ट सैल होतात. आणि पाचरीच्या जाडीमुळे सेंटर बोल्टचं डोकं भोकापर्यंत पोचेनासं होतं, तेव्हा त्या प्रमाणात लांब बोल्ट लागतो. नाहीतर मघाशी सांगितलेला तिरकेपणा परत आलाच म्हणून समजा.

मी दोन्हीकडे ३ अंशांची पाचर घातली. उजवीकडे ३.६, डावीकडे ३.४ आला. दोन बाजूंत अर्ध्या अंशाच्या आत फरक असावा. जास्त असेल तर ज्या बाजूला कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते.

याची किंमत द्यावी लागते, आणि ती आधी माहीत असलेली बरी. कॅस्टर वाढवायला अ‍ॅक्सल मागे कलवला की पिनियनचं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे) मोकळे असतील तर रस्त्यावर तो शाफ्ट फिरतच नाही, त्यामुळे कळत नाही. फोर व्हील ड्राइव्ह लावून मोकळ्या मातीवर हळूहळू वेग वाढवून बघा. थरथर आली तर पाचर कमी करा. माझ्या मते तीन-चार अंशांपेक्षा जास्त पाचर लागत असेल तर चुकीचा शॅकल लावलाय असं समजावं आणि शॅकलच बदलावा. आज मला पुन्हा निवडायचं असतं तर मी फक्त पाट्यांवर उंची घेतली असती आणि मूळ शॅकल ठेवला असता.

कॅम्बरबद्दल थोडक्यात: अखंड अ‍ॅक्सलमध्ये तो बदलायची सोय नाही. कॅम्बर मर्यादेबाहेर दाखवत असेल तर अ‍ॅक्सल वाकलाय किंवा किंगपिनचं बेअरिंग गेलंय.

टो

लिफ्टमुळे अखंड अ‍ॅक्सलचा टो फारसा बदलत नाही, कारण टाय रॉड चाकापासून चाकापर्यंत आडवाच राहतो. तरी एंड बदलले असतील, टायर मोठे केले असतील तर मोजायचाच. चाक उचलून फिरवताना टायरच्या मधोमध खडूने रेघ ओढा, अणकुचीदार खिळ्याने ती बारीक करा. गाडी खाली ठेवा, पुन्हा हलवून बसवा. दोन रेघांमधलं अंतर हबच्या उंचीवर पुढे मोजा, मग मागे. पुढे २ ते ४ मि.मी. कमी आलं तर ठीक. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

टाय रॉडच्या दोन टोकांना उलटसुलट आटे असतात, म्हणून लॉक नट सैल करून रॉड फिरवला की दोन्हीकडून एकदम लांब किंवा आखूड होतो. रॉड अ‍ॅक्सलच्या पुढे असेल तर लांब केल्यावर चाकं पुढून उघडतात. मागे असेल तर पुढून मिटतात. गाडीखाली वाकून आपला रॉड कुठे आहे ते पाहा, दुसऱ्याच्या गाडीवरून अंदाज नको. आणि घाई नको. आटा दीड मि.मी.चा असेल तर एका फेऱ्यात रॉड ३ मि.मी. बदलतो. स्टिअरिंग आर्म १५० मि.मी. आणि टायर ७०० मि.मी. व्यासाचा धरला तर टायरवर तो फरक १४ मि.मी. होतो. म्हणून पाव फेरा, मग माप. भाचा पहिल्यांदा उत्साहात दोन फेरे फिरवून मोकळा झाला आणि म्हणाला, "मावशी, टेप चुकतेय." टेप बरोबर होती.

स्टिअरिंगचं चाक आणि ड्रॅग लिंक

आता चाक. गाडी उंच झाली की स्टिअरिंग बॉक्सपासून नकलकडे (चाकाला धरून वळवणाऱ्या भागाकडे) जाणारा ड्रॅग लिंक जास्त तिरका होतो, आडव्यात आखूड पडतो आणि स्टिअरिंगचं चाक एका बाजूला वळून राहतं. बऱ्याच ठिकाणी चाकाचा नट काढून, चाक उपटून, सरळ करून परत बसवतात. असं करू देऊ नका. बॉक्सच्या आतले दाते बरोबर मध्यावर सगळ्यात घट्ट बसतात. चाक उपटून बसवलं तर सरळ रस्त्यावर बॉक्स मध्यावर नसतो, ढिला लागतो आणि एका बाजूला वळण कमी मिळतं.

ड्रॅग लिंक सोडवा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, निम्म्यावर आणा. हा बॉक्सचा मध्य. रस्त्यावरची चाकं सरळ धरा, म्हणजे दोऱ्याने मागच्या चाकांशी जुळवून. आता ड्रॅग लिंकची लांबी अशी करा की तो दोन्हीकडे ओढाताण न करता बसेल. नट, स्प्लिट पिन नवी.

मग एकाने बंपरवर उभं राहून गाडी नाचवायची आणि दुसऱ्याने स्टिअरिंगकडे बघायचं. चाक दोन-तीन बोटं हलत असेल तर खड्ड्यात गाडी आपणहून वळणार. त्यावर ड्रॅग लिंकचा तिरकेपणा कमी करणं हाच उपाय. त्यासाठी नकलवरचा उंच आर्म किंवा जिप्सीसाठी तयार मिळणारा झेड आकाराचा ड्रॅग लिंक असतो. खाली वाकलेला पिटमन आर्मही (बॉक्सच्या शाफ्टवरचा, ड्रॅग लिंक ओढणारा आर्म) विकतात. त्याने बॉक्सच्या शाफ्टवर जादा ताण येतो, म्हणून तो माझी शेवटची निवड. आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवर कुणी जुना लिंक भट्टीत तापवून वाकवून, वेल्ड करून देतो म्हणाला तर हात जोडून निघून या. घाटात उतरताना तुमच्या आणि दरीच्या मध्ये तेवढा एकच रॉड असतो.

जिम्नीसारख्या कॉइलच्या गाड्या

२०२३ ला आलेल्या पाच दारांच्या जिम्नीत पुढचा अ‍ॅक्सल दोन लांब आर्म आणि एका आडव्या पॅनहार्ड रॉडने धरलेला असतो. गाडी उंच केली की आर्मची पुढची टोकं खाली जातात, अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि इथेही कॅस्टर जातो. आर्म ८०० मि.मी. धरला तर ५० मि.मी.ला साडेतीन अंश. उपाय पाचर नाही: आर्मसाठी ऑफसेट बुश किंवा चेसीवर आर्मचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट.

पॅनहार्ड रॉडचं एक टोक चेसीला, एक अ‍ॅक्सलला. तो जास्त तिरका झाला की अ‍ॅक्सल चेसीकडच्या टोकाच्या दिशेने सरकतो. ९०० मि.मी.चा रॉड, दोन टोकांत आधी ६० मि.मी.चा उतार असेल, तर ५० मि.मी. लिफ्टने अ‍ॅक्सल साधारण ५ मि.मी. सरकतो. १०० मि.मी. लिफ्टने १२. चेसीच्या दोन्ही कडांपासून ओळंबा सोडून रिमपर्यंत मोजा. दोन मापांतल्या फरकाचं निम्मं म्हणजे सरकलेलं अंतर. भाच्याच्या गाडीत १८२ आणि १७२ आले. कमी-जास्त होणारा पॅनहार्ड रॉड घालून ते मिटवलं, टो आणि स्टिअरिंगचं चाक त्यानंतर. तिथे एक पथ्य: पॅनहार्ड रॉड आणि ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर राहायला हवेत. एकाचं टोक हलवलं आणि दुसऱ्याचं नाही, तर खड्ड्यात स्टिअरिंग हिसका देतं.

चाचणी

निघण्यापूर्वी चाकं लटकवून ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना ते बघा, दोन्ही टोकांना स्टिअरिंग वळवून टायर कुठे घासतो का ते बघा, आणि हेडलाइट खाली करा. गाडी उंचावली की समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

पहाटे मोकळ्या रस्त्यावर आधी चाळीस, मग साठ. आपले रस्ते पाणी जावं म्हणून डावीकडे उतरते असतात, त्यामुळे डावीकडे हलकीशी ओढ दोष नसते. मधल्या लेनमध्ये तपासा. ठराविक वेगाला स्टिअरिंग जोरात थडथडायला लागलं तर वेग कमी करून थांबा आणि एंड, किंगपिन बेअरिंग, टायरचं बॅलन्सिंग या क्रमाने बघा. फक्त स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा) घालून ते झाकू नका.

मी मग घोडबंदर रोडला गायमुख घाटात नेली. खड्ड्यांतून जाताना हात सैल सोडले तरी चाक जागेवर होतं, वळणानंतर स्वतःहून परत येत होतं.

यू-बोल्टच्या प्रत्येक नटावरून पाट्याच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढून ठेवली होती. १०० किलोमीटरनंतर सगळ्या रेघा जुळत होत्या. माळशेजला जाऊन आल्यावर, ५०० च्या आसपास, डाव्या मागच्या नटाची रेघ दोन मि.मी. सरकलेली दिसली. टॉर्क पान्याने चारही नट पुन्हा आवळले, जुनी रेघ पुसली, नवी ओढली.